पुढे नेहमीप्रमाणे : आजीच्या वहीतले अनारसे आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दिवाळीला वसुबारसेच्या आधी पंधरा दिवस आणि अधिक महिना लागला की महिनाभर माझा फोन अनारशांच्या कामाला लागतो. भाच्या, जावा, नणंदा, लेकीच्या मैत्रिणी. एकदा तर पलीकडच्या इमारतीतले निवृत्त काका, बायको माहेरी गेलेली असताना. प्रश्न ठरलेले, माझी उत्तरंही ठरलेली. म्हणून एकदाच लिहून काढते.

कृती माझी नाही, आजीची. म्हणजे आईच्या आईची. मिरजेला आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या एका संपलेल्या खतावणीची मागची कोरी पानं आजीने वापरली. वही पुढून उघडली की उधाऱ्या, उलटी करून उघडली की लाडू-चकल्या. त्यात अनारसे एवढेच आहेत:

"जुने तांदूळ १ शेर. तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलणे. निथळून दमट असता कुटणे, चाळणे. गूळ ३ पाव. कालवून गोळे करून ठेवणे. पुढे नेहमीप्रमाणे. दोन सैल ठेवणे."

गोळे किती दिवस ठेवायचे, तूप किती तापवायचं, अनारसा उलटायचा की नाही, सगळं त्या 'पुढे नेहमीप्रमाणे'मध्ये. आजीला ते लिहायची गरज वाटली नाही, कारण वाचणारी पोरगी रोज तिच्या शेजारीच पाटावर बसलेली असायची. ती पोरगी माझी आई. मी नव्हे.

शेर, पाव म्हणजे किती? ग्रॅममध्ये सांगा ना.

वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पाव म्हणजे पावशेर, २३३ ग्रॅम. अदपाव त्याच्या निम्मा, ११७. छटाक म्हणजे ५ तोळे, ५८ ग्रॅम. वजनमापांचा कायदा १९५६ सालचा. किलो बाजारात रुळायला १९६० उजाडलं आणि आज्यांच्या जिभेवर तो त्यानंतरही बरीच वर्षं रुळला नाही.

घोळ होतो तो मापी शेराचा. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. हे आकारमान झालं, वजन नव्हे. चिपटंभर तांदूळ आणि चिपटंभर पोहे तराजूत सारखे भरत नाहीत. शिवाय गावागणिक पायली लहानमोठी. तेव्हा तुमच्या वहीत 'चिपटे' असेल तर ग्रॅम शोधत बसू नका. कृतीतल्या सगळ्या जिनसा त्याच एका मापाने घ्या, प्रमाण आपोआप जमतं.

आजीचा हिशोब चाराला तीनचा: तांदूळ चार पाव, गूळ तीन पाव. तांदळाचं वजन भिजवायच्या आधीचं, कोरडं. मी अर्ध्या किलो तांदळाला पावणेचारशे ग्रॅम गूळ घेते. मध्यम आकाराचे चाळीस-बेचाळीस अनारसे होतात.

तांदूळ कुठला घ्यायचा?

जुना आणि चिकट न होणारा. मी कोलम घेते. इंद्रायणीचा भात कितीही आवडत असला तरी तो इथे नको, त्याचा चिकटपणा नडतो. रेशनच्या जाड्या तांदळाचे अनारसे उत्तम होतात. हे मी सांगितलं की एक-दोघींचा चेहरा पडतो, पण खरं तेच आहे.

तीनच दिवस का? माझ्या तांदळाला वास येतोय, फेकू का?

थोडा आंबूस वास यायलाच हवा. तीन दिवसांत दाणा आतपर्यंत फुगतो आणि जरासा आंबतो. इडलीचं पीठ आंबतं तसंच, फक्त इथे आपण रोज पाणी बदलून त्याला आवर घालतो. पाणी बदललं नाही तर आंबणं सुटून तो कुजायला लागतो. आंबूस आणि कुजका, हे दोन वास नाकाला वेगळे कळतात. शंका आली तर दाणा बोटांत चुरडून बघा. खडूसारखा सहज भुगा झाला पाहिजे. बुळबुळीत लागला, वर तवंग आला किंवा गुलाबी-काळे ठिपके दिसले तर मात्र टाकून द्या. तीन दिवसांच्या कष्टांकडे बघत बसू नका.

उन्हाळ्यात पाणी दिवसातून दोनदा बदला. मे महिन्यात मी दुसऱ्या रात्री पातेलं सरळ फ्रिजमध्ये सरकवते.

'दमट असता कुटणे' म्हणजे नक्की किती दमट?

अनारशाचं सगळं गणित याच एका शब्दात आहे आणि नेमका हाच शब्द वहीतून शिकता येत नाही.

तांदूळ चाळणीत निथळून सुती पंचावर, सावलीत, पातळ पसरायचे. उन्हात नाही. वरचं पाणी गेलं पाहिजे आणि आतलं राहिलं पाहिजे. तो क्षण चुकला की पुढे कितीही केळं घाला, दूध घाला, काही उपयोग होत नाही. आईची खूण अशी: मूठभर तांदूळ घट्ट दाबायचे आणि मूठ उघडायची. तळव्याला ओल जाणवली पाहिजे, पण पाणी दिसता कामा नये. दोन-चार दाणे तळहाताला चिकटले पाहिजेत, बाकीचे सुटून पडले पाहिजेत. सगळे चिकटले तर अजून वेळ आहे. एकही चिकटला नाही तर उशीर झाला. मग पाण्याचा हलका हबका मारून दहा मिनिटं पंचात गुंडाळून ठेवायचे.

घड्याळाप्रमाणे किती वेळ, असं मला विचारू नका. २०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. बाहेर मुसळधार पाऊस. माझे तांदूळ पंख्याखाली पाच तास पडून होते तरी ओलेच. २०२६चा अधिक महिना ज्येष्ठातला, १७ मे ते १५ जून. तेव्हा सोलापूरकडच्या माझ्या नणंदेने चाळीस मिनिटांत पंचा उचलायचा असतो. तिने माझ्यासारखी पाच तास वाट बघितली तर हातात तांदळाच्या कण्या येतील.

मिक्सर चालतो का? की खलबत्ताच हवा?

चालतो. थोडे थोडे तांदूळ घ्या आणि थांबत थांबत फिरवा, भांडं गरम होऊ देऊ नका. मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळणीवरचा रवा पुन्हा फिरवा आणि शेवटी जी मूठभर कणी उरते तिची खीर करा. पीठ बोटांत मऊ लागावं, पण टाल्कम पावडर नको. अगदी किंचित रवाळपणा असेल तर जाळी सुटी पडते.

कुटण्याबद्दल उगीच हळहळू नका. आजी आणि शेजारच्या काकू समोरासमोर उभ्या राहून उखळात कुटायच्या तेव्हाची आठवण आईला फार गोड वाटते. मात्र कुटून कुटून काकूंचा खांदा कायमचा धरला होता, हेही आईनेच सांगितलंय.

गूळ की साखर?

गूळ. चिक्कीचा गूळ घेऊ नका, अनारसा दगड होतो. साधा मऊ, पिवळसर गूळ किसून घ्या. फार ओलसर, काळपट गुळाने गोळा सैल होतो.

आजीच्या वहीत समासात वेगळ्या शाईने "साखरेचे, कंट्रोलची मिळाल्यास" असंही आहे. कंट्रोलची म्हणजे रेशनवरची. साखरेचे अनारसे दिसायला पांढरेशुभ्र आणि नाजूक होतात, पाहुण्यांना आवडतात. करायचे असतील तर पिठीसाखर घ्या. मला ते गोड कागदासारखे लागतात, पण हा माझा दोष असू शकतो.

कालवताना पाण्याचा थेंबही घालायचा नाही. पीठ, गूळ, चमचाभर साजूक तूप. आधी सगळं कोरडं वाटतं आणि नवशिक्या बायका इथेच घाबरून दूध ओततात. जरा थांबा. मळत राहिलं की दहा मिनिटांत गूळ पिठातली ओल ओढून घेतो आणि गोळा व्हायला लागतो. चाळलेलं पीठ एक वाटीभर मात्र बाजूला काढून ठेवा. का ते पुढे येईल.

गोळे किती दिवस ठेवायचे?

कमीत कमी पाच दिवस. आठ दिवस झाले तर उत्तम. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, थंडीत बाहेर चालतात, एरवी फ्रिजमध्ये. या दिवसांत गूळ आणि ओल कणाकणांत मुरते. पहिल्या दिवशी तळलेला अनारसा आणि आठव्या दिवशीचा, एकाच डब्यातले दोन गोळे, करून बघा एकदा. पहिला चपटा नि मुका, आठव्याला तळापासून जाळी.

फ्रिजमधलं पीठ दोन महिने आरामात राहतं. जाणत्या बायका दसऱ्याला पीठ करून ठेवतात ते यासाठीच. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तांदूळ भिजत घालणारी माझ्यासारखी बाई मग रात्री अकराला तळत बसते.

तळायचे कसे? एकदा सगळं नीट सांग गं मामी.

सांगते. माझ्या भाचीला हे मी तीन वेळा फोनवर आणि एकदा व्हिडिओवर सांगितलं आहे, तेव्हा हे मुख्यतः तिच्यासाठी.

डब्यातला गोळा बाहेर काढून तासभर ठेव, फ्रिजचा गारवा गेला पाहिजे. हाताने खूप मळ. कोरडा वाटला तर पिकलेल्या केळ्याचा सुपारीएवढा तुकडा किंवा चमचाभर दूध घाल, दोन्ही नको. लिंबाहून जरा लहान गोळी कर. प्लॅस्टिकच्या कागदावर किंवा केळीच्या पानावर खसखस पसर, गोळी तिच्यावर ठेव आणि बोटांनी थाप. पुरीएवढा, पण पुरीहून जाड. लाटायचा नाही. खसखस एकाच बाजूला.

कढई लहान आणि पसरट घे, तूप निम्म्याहून कमी. तूप तापलं की आच कमी कर. कणभर पीठ टाकून बघ: लगेच वर उसळून तांबूस झालं तर फार तापलंय, तळाशी बसून राहिलं तर कमी. हळूहळू बुडबुडे काढत वर यायला हवं. आता अनारसा सोड, खसखशीची बाजू वर. एका वेळी एकच. आजीसुद्धा एकच सोडायची, तू तीन सोडू नकोस.

उलटायचा नाही. वरची बाजू झाऱ्याने तूप उडवत उडवत शिजवायची. उलटलास तर खसखस जळते आणि फुटू पाहणारी जाळी मिटते. जाळी पडते कशी, तर गूळ वितळतो, ओलीची वाफ वर धावते आणि वाटेत पिठात बारीक बारीक खिडक्या पाडत जाते. झाऱ्याचं गरम तूप त्या खिडक्या तशाच पक्क्या करतं. बदामी रंग आला की झाऱ्यावर घेऊन कढईच्या कडेला टेकव, तूप गळू दे, मग चाळणीत उभा ठेव. आडवा ठेवलास तर स्वतःच्याच तुपात भिजत पडतो. गरम असताना तो मऊच असतो. गार झाल्यावर कुरकुरीत. तेव्हा पहिलाच अनारसा तोडून "मऊ पडला गं" म्हणून मला फोन करू नकोस.

अनारसा हसला! काय करू?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अनारसा तुपात सोडल्यावर पसरत जाऊन विरघळला, त्याचा चुरा झाला, की आपल्याकडे "हसला" म्हणतात. बिघडला, फुटला असं कुणी म्हणत नाही. कढईपुढे घामाघूम झालेल्या बाईकडे बघून तो हसतो, असंच असणार.

कारण बहुधा एकच, गोळा सैल. गूळ जास्त झाला, केळं जास्त पडलं किंवा तांदूळ ओले असतानाच दळले. बाजूला ठेवलेलं वाटीभर पीठ आता काढा. दोन चमचे मिसळा, मळा, पुन्हा एक सोडून बघा. तरी हसला तर आणखी दोन. कधी कधी दोष तुपाचा असतो. पुरेसं तापलेलं नसलं की अनारशाला धरून ठेवायला काही नसतं आणि तो सुटत जातो. कढईतला चुरा मात्र लगेच गाळून काढा, नाहीतर पुढचे सगळे काळे होतात.

आणि फुललाच नाही, तसाच घट्ट राहिला तर?

आमच्या घरी त्याला "रुसला" म्हणतात. हे सगळीकडे म्हणतात की फक्त आमच्याकडे, मला माहीत नाही. गोळा कोरडा आहे किंवा मुरला नाही. चमचाभर दूध घालून मळा आणि आणखी दोन दिवस ठेवा. हसलेल्यापेक्षा रुसलेला बरा, त्याची समजूत घालता येते.

अनारसे तळताना कुणी बघू नये, दृष्ट लागते. खरंय का?

आजी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. आम्हा पोरांना मारुतीला तेल घालायला पाठवायची. मारुती तीन गल्ल्या लांब, आणि परत आलो की दुसऱ्या मारुतीला. मला वाटतं कारण साधं आहे. एका वेळी एक अनारसा, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, नजर कढईवरून हलवायची नाही. त्यात चार पोरं "झालं का, झालं का" करत उभी. दृष्टीची भीती घातली की स्वयंपाकघर रिकामं होतं. मीही सध्या घरात सगळ्यांना दृष्ट लागते असंच सांगते.

अधिक महिन्यात जावयाला ३३च अनारसे का देतात?

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५चं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते आणि ती भरायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरावा लागतो. त्या बत्तीस-तेहतिसांवरून तेहतीस, असं काहीजण सांगतात. काहीजण तेहतीस देवांचा आकडा पुढे करतात. जुन्या व्रतांमध्ये या महिन्यात ३३ अपूप दान द्यायला सांगितले आहेत. अपूप म्हणजे पिठाची तुपात केलेली गोड वडी-पुरी, आणि हा शब्द ऋग्वेदाइतका जुना. मराठी घरांत अपुपाची जागा अनारशांनी घेतली आणि विष्णूची जागा जावयाने. वाण जाळीदार पदार्थाचं हवं अशी समजूत, म्हणून अनारसे जमले नाहीत तर बत्तासे किंवा म्हैसूरपाक.

आमच्या वडिलांना १९७७च्या अधिक महिन्यात तेहतीस मिळाले आणि मिरजेहून परत येताना गाडीत त्यांनी नऊ खाल्ले, ही गोष्ट आई त्यांच्यादेखत दर अधिक महिन्यात सांगायची.

विकतचं तयार पीठ आणलं तर?

आणा. माझी वहिनी तेच आणते आणि तिचे अनारसे माझ्यापेक्षा देखणे होतात. थोडंसं आधी तळून बघा, सैल-घट्ट तिथेही असतंच.

एअर फ्रायरमध्ये?

नाही.

उपवासाला चालतात?

तांदूळ आहे त्यात.

ग्लुटेन नको असलेल्यांना?

चालतात. गव्हाचा कण नाही. मधुमेह असलेल्यांना याच कारणाने चालतील असं समजू नका. आमच्या एका काकांनी तसं समजून घेतलं होतं.

माझा मुलगा ह्याला 'राइस डोनट' म्हणतो. कितपत बरोबर?

हा प्रश्न न्यू जर्सीच्या भाचीचा. नातं आहे, पण लांबचं. दोघंही तळलेले, गोड, दोघांनाही आंबवण्याची ओढ. डोनटमध्ये मैदा, यीस्ट किंवा बेकिंग पावडर, बहुतेकदा अंडं. त्याचं पीठ जाड आणि फुगरं, मधला भाग कच्चा राहतो, म्हणून मधे भोक पाडायची युक्ती निघाली. मेन राज्यातल्या हॅन्सन ग्रेगरी नावाच्या खलाशाने ती १८४७ साली काढल्याचं तिकडे सांगतात. अनारसा थापतानाच पातळ होतो, त्याला एक मोठं भोक नको. त्याला शंभर लहान हवीत.

भाचीच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई नाताळात घरी डोनट करतात. त्यांच्या आईच्या हातची कृती एका पुठ्ठ्याच्या कार्डावर आहे. भाचीने ती वाचली आणि रात्री मला फोन केला, खिदळतच. दूध इतकं, साखर इतकी, अंडी दोन, आणि पीठ? "मऊ गोळा होईल इतकं." बस. त्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि दर वर्षी पीठ घालताना आईशी भांडतात म्हणे, मोठ्याने.

महाराष्ट्राबाहेर हे कुणी करतं का?

करतात की. बिहारमध्ये गयेचा अनरसा प्रसिद्ध आहे, त्यावर तीळ असतात आणि पोटात खवाही भरतात. नेपाळमध्ये तिहारला करतात. छत्तीसगडमध्ये अइरसा, ओडिशात आरिसा पिठा, आंध्र-तेलंगणात अरिसेलु, तमिळनाडूत अधिरसम. दक्षिणेत गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात. आपण गूळ कच्चाच कालवतो आणि पाक करायचं काम त्या आठ दिवसांवर सोपवतो. त्यांच्याकडे पाकाची चूक लगेच कळते. आपल्याला आठ दिवसांनी.

दुबईला, सिंगापूरला मुलांकडे जाताना नेता येतील का?

खसखस लावलेले नेऊ नका. ही सूचना गमतीत घेऊ नका. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात तिच्यावर बंदी आहे आणि विमानतळावर "दिवाळीचा फराळ आहे हो" हे उत्तर पुरत नाही. तीळ लावून करा. खसखशीची चव येत नाही, पण लेक भेटते. पिशवीत गोडा मसाला असेल तर त्यातही खसखस आहे का ते बघा, हे विसरतात.

आमच्या आजीची वही नाही. आई म्हणते "अंदाजाने घालते". कृती लिहून कशी घ्यायची?

विचारून नाही. विचारलंत की ती सांगणार "थोडं", "बेताचं", "रंग येईपर्यंत". आणि खोटं सांगत नसते ती, तिच्या डोक्यात आकडा नसतोच.

मी हे आईबरोबर केलं, ती सत्तराव्या वर्षात असताना. वजनाचा काटा घेतला आणि आईला नेहमीसारखं करू दिलं. ती डब्यातून मुठीने पीठ घ्यायची, मी मूठ पातेल्यात पडायच्या आत काट्यावरच्या वाटीत झेलायची. आईची मूठ ६२ ग्रॅमची निघाली. माझी ४८. म्हणजे "पाच मुठी पीठ" मी तिच्याकडून लिहून घेतलं असतं तर आयुष्यभर सत्तर ग्रॅम कमी घातलं असतं आणि आपल्या हाताला चवच नाही म्हणत बसले असते. डबा आधी नि नंतर तोलणं त्याहून सोपं: आधी १,२४० भरला, नंतर ९३०, घातलं ३१०.

भांडं तेच वापरा. आईचा अंदाज हा एका विशिष्ट पितळी वाटीचा अंदाज असतो; तिच्या हातात स्टीलची वाटी दिली की तीसुद्धा चुकते. हे मी पाहिलंय. आणि ज्या गोष्टी ती न बोलता करते त्या लिहा. माझ्या कागदावर अशी एक ओळ आहे: "गोळा मळताना तीन वेळा कानाशी नेला." का नेला विचारलं तर आई म्हणाली, "नेला का? छे." मी गोळा कानाशी नेते आता. काहीही ऐकू येत नाही.

तळलेले अनारसे किती दिवस टिकतात?

हवाबंद डब्यात दहा-बारा दिवस. डब्याच्या तळाशी कागद घाला, तूप उतरत राहतं. आजीच्या पितळी डब्याला कुलूप होतं, म्हणून तिचे महिनाभर टिकायचे.

हसलेल्या अनारशांचा चुरा वाया जातो. त्याचं काय करता?

वाया? आमचं सगळं बालपण त्या चुऱ्यावर गेलं.

चांगले अनारसे डब्यात, मग देवाला, मग शेजारी, मग जावयांना. पोरांच्या वाट्याला दिवाळीच्या पहाटेपर्यंत काही नाही. पण हसलेला अनारसा कुणाला देता येत नाही, म्हणून तो आमचा. आम्ही मारुतीच्या पाराशी उभे राहून, आज निदान एक तरी हसू दे, असा नवस बोलत असू. आणि दर वर्षी दोन हसायचे. दोनच. आजीसारखी सुगरण, साठ-सत्तर अनारसे एकसारखे काढणारी, आणि दर वर्षी दोन हसतात कसे, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

वहीतल्या "दोन सैल ठेवणे" या ओळीवर आई आणि मावशीचं एकमत नाही. आई म्हणते, ते तपासणीचे. आधी दोन सैल गोळे तळून तुपाचा अंदाज घ्यायचा, मग बाकीचे. पटण्यासारखं आहे. मावशी म्हणते, "तपासणीला सैल कशाला घेईल कुणी? जसे आहेत तसेच घेतील ना!" दोघी आता ऐंशीच्या आसपास आहेत आणि दर दिवाळीला हे भांडण फोनवर होतं.

चुरा असा करा: तूप नीट निथळवा, कढईच्या तळाचे काळे कण वेचून टाका. वाटीत चुरा घ्या, वरून गरम दूध, साखर नको. वेलदोड्याची पूड चिमूटभर. लगेच खा, पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो. अर्धा किलो तांदळाच्या पिठातले मी दोन गोळे वेगळे काढते आणि त्यात केळ्याचा तुकडा जरा जास्तच घालते.